डाव्या हाताची माफी

कोनादू आईंची बोलती कधीकाळी बंद होईल असं कुणी पैजेवर सांगितलं असतं, तर बोसोम्त्वी तळ्याकाठच्या लोकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं. चाळीस वर्षं बाईंनी माशांना धुरी दिली आणि चाळीस वर्षं तोंडाचा पट्टा चालू ठेवला. होडीऐवजी फळीवर बसून हातांनी पाणी मारत परतणाऱ्या कोळ्यांना त्यांचा आवाज अर्ध्या तळ्यात ऐकू यायचा. मासा कमी मिळालेला असला की ते मुकाट्यानं दुसऱ्या काठाला लागायचे. अशी बाई. आणि एका दुपारी, भट्टीवरची जाळी उलटताना ती उजव्या अंगावर कोसळली. उठवलं तेव्हा उजवा हात गेलेला, उजवा पाय गेलेला, आणि तोंडातून नुसतं ‘मे, मे’ एवढंच येत होतं.

सून पोकुआ गावच्या शाळेत गणित शिकवायची. स्वप्नं, शकुन, अंगात येणं, असल्या गोष्टींचं तिला वावडं होतं. तिचा नवरा दारको तीन वर्षांपूर्वी कामासाठी उत्तरेला, वाळवंटापलीकडे जायला निघाला होता, वाटेत गावोगावी मजुरी करत करत. सासूला झटका आल्यावर महिन्याभरानं त्याच्याबरोबरचा एक माणूस दारकोची पिशवी घेऊन गावात आला. ट्रक उलटला म्हणाला. माणसं तिथंच वाळूत पुरली, मी मागच्या ट्रकमध्ये होतो, तोंडं काही पाहिली नाहीत. तारीख विचारली तर ती नेमकी कोनादू आई कोसळल्या तीच निघाली. बायकांनी तोंडावर हात ठेवले. पोकुआ म्हणाली, "वर्षाचे दिवस तीनशे पासष्टच आहेत. दोन गोष्टी एका दिवशी येतात कधीकधी." असं म्हणून ती भट्टीमागे गेली आणि पोटभर रडली.

आता झालं असं, की झटक्यानंतर आईंचा डावा हात स्वस्थ बसेना. भेटायला कुणी आलं की तो वर उठायचा, माणसाच्या तोंडासमोर हलायचा, दाराकडे जायचा, परत यायचा. आणि आमच्याकडे डावा हात कुणापुढे करणं म्हणजे शिवी दिल्यासारखंच. मोठ्या माणसाला काही द्यायचं, घ्यायचं, दाखवायचं ते उजव्यानं. आईंचे धाकटे भाऊ बोआतेंग मामा घराण्याचे प्रमुख होते. त्यांच्यापुढेही तो हात नाचला तेव्हा मामांची मान खाली गेली.

"माझ्या बहिणीनं जन्मात कुणाचा असा अपमान केला नाही," ते म्हणाले. "शुद्धीत असती तर लाजेनं मेली असती. पोरी, तो हात बांधत जा. तिची लाज आपण नाही राखायची तर कुणी?"

मग पोकुआ रोज सकाळी एक मऊ कापड घ्यायची आणि सासूचा डावा हात पोटाशी बांधायची. गाठ घट्ट नसायची. पाच महिने ती हे करत होती, आणि प्रेमानं करत होती.

सहाव्या महिन्यात कुमासी शहराहून सेरवा मॅडम आल्या. वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं हे त्यांचं काम. ठेंगण्या, जाड, आणि तोंडाला फटकळ. आत आल्या, पलंगाकडे पाहिलं आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"हे कुणी बांधलं?"

"मी," पोकुआ म्हणाली. "हात आवरत नाही त्यांना. लोकांपुढे..."

"टीचर, तुमच्या वर्गातलं पोर हात वर करून बसलं, तर तुम्ही त्याचा हात बांधता का?"

पोकुआनं कापडाच्या गाठीकडे पाहिलं.

"डोक्यात ही बाई पूर्ण जागी आहे. शब्द तेवढे सापडत नाहीत. उजवा हात मेलाय. जीभ म्हणून राहिला होता तो हा एकच हात, आणि तुम्ही पाच महिने तो बांधून ठेवलात." बोलता बोलता त्यांनी गाठ सोडलीसुद्धा. "आता रडत बसू नका. रडायला पुष्कळ दिवस आहेत. कात्री आणा, आणि घरातल्या माणसांचे फोटो."

हात सुटला खरा, पण आता आईच तो उचलेनात. मॅडमनी चित्रांचा तक्ता पुढे धरला: पाणी, भात, दुखतंय, कपडा, माणूस, घर, असे चोवीस चौकोन, वर प्लॅस्टिक. आईंनी तो पाहिला, तोंड फिरवलं आणि डावा हात चादरीखाली लपवला. दारात बोआतेंग मामा उभे होते ना! सेरवा मॅडमनी थोडा वेळ विचार केला. मग पहिल्या ओळीतलं पहिलं, टीव्हीचं चित्र खरवडून काढलं आणि तिथं पेनानं एक उघडा डावा पंजा काढला.

"आई, इकडे बघा. नाइलाजानं डावा हात पुढे करावा लागला तर आपण काय म्हणतो? ‘डाव्या हाताची माफी असावी.’ हे ते चित्र. आधी याला बोट लावायचं. माफी मागून झाली. मग हवं ते बोला. हवं तर शिव्या द्या."

चादर हलली. हात सावकाश बाहेर आला. एक बोट पंज्याच्या चित्रावर टेकलं आणि तिथून सरळ भावाच्या फोटोवर गेलं. घरातल्या माणसांचे कापलेले फोटो शेवटच्या ओळीत चिकटवले होते. मग ‘घर’. मग ‘कपडा’.

"काय म्हणते?" मामांनी विचारलं.

"तुम्ही घरी जा म्हणतात," सेरवा मॅडम म्हणाल्या. "त्यांना कपडे बदलायचेत, आणि तुम्ही मघापासून दारात उभे आहात."

सहा महिन्यांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. मामासुद्धा हसले, आणि गेले.

पुढचे पंधरा दिवस उधळण होती नुसती, बोलण्याची. मक्याची केंकी नको, भात हवा. रस्सा अळणी. भट्टीवरच्या पोरी मासे जाळतायत, वास येतोय मला इथं. प्रत्येक वाक्याआधी बोट पंज्यावर, मग तोफ. पोकुआ शाळेतून दोनला यायची आणि सासूच्या शिव्या खात खात जेवायची. इतकं गोड जेवण तिला कित्येक महिन्यांत लागलं नव्हतं.

चार वाजताचं तिच्या लक्षात यायला वेळ लागला.

चारच्या सुमाराला आई खुणेनं मागायच्या की मला वळव. तळ्याकडची खिडकी सोडून त्यांना उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून बसायचं असायचं. त्या भिंतीवर काही नाही. चुना, आणि एक पाल. तक्ता मांडीवर. बोट पंज्यावर जायचं, मग ‘दुखतंय’. पोकुआ धावली. कुठं दुखतंय? आईंनी डोळे मिटले, म्हणजे नाही. मग ‘पाणी’. पोकुआनं पाणी आणलं तर आईंनी मनगटानं पेला बाजूला सारला.

"तुम्हाला नको? मग कुणाला?"

बोट दारकोच्या फोटोवर गेलं.

पोकुआनं तक्ता काढून घेतला, उशी नीट केली आणि स्वयंपाकाला लागली. आईचं मन आहे, चालायचंच, असं तिनं स्वतःला बजावलं. त्या रात्रीच्या भाताला मात्र ती मीठ घालायची विसरली.

पण मास्तरकीची खोड जाते थोडीच. तिनं एक चौकटीची वही घेतली. तारीख, वेळ, कोणतं चित्र, मध्ये किती थांबल्या. तीन आठवडे लिहिलं आणि एका रविवारी सगळी पानं अंथरून बसली. आई एक चित्र दाखवायच्या, मान थोडी कलती करून थांबायच्या, मोजून वीस-पंचवीस आकडे, आणि मग दुसरं दाखवायच्या. पहिलं नेहमी विचारल्यासारखं. दुसरं, आलेलं उत्तर एखाद्या आंधळ्याला वाचून दाखवावं तसं सावकाश. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या चित्राला ‘दुखतंय’ याशिवाय काही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात ‘तहान’ आली. तिसऱ्यात एकदा ‘भूक’. आजारी माणूस उठतो तो याच क्रमानं, हे सासूच्या सेवेत पोकुआनं स्वतः पाहिलं होतं. वही मिटून ती बाहेर ओट्यावर गेली आणि ऊन अंगावर घेत बसली, तरी तिला बराच वेळ थंडी वाजत होती.

आणखी एक होतं, ते तिनं वहीत लिहिलं नाही. कधीकधी आई चित्रं निवडायच्याच नाहीत. पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत ओळीनं बोट फिरवायच्या, पुन्हा सुरुवात, पुन्हा शेवट, न कंटाळता. पोकुआनं ते हजारदा केलं होतं. पहिलीच्या वर्गात फळ्यापुढे उभी राहून. आई कुणाला तरी तक्ता शिकवत होत्या.

अशातच बोआतेंग मामा आले. त्यांनी दारकोच्या अंत्यविधीचा शनिवार ठरवून आणला होता. काळ्या-लाल कपड्यांचं सांगून झालं होतं, फोटोचा फलकही छापायला गेला होता.

"आठ महिने झाले, सूनबाई. पोराचा आत्मा असा अधांतरी ठेवायचा? तुलाही मोकळं व्हायला हवं."

"मामा, आई नाही म्हणतात. तो आहे म्हणतात."

"आईनं नाही म्हणायचं नाही तर काय करायचं?"

"आणि एकदा विधी झाला आणि तो परत आला, तर?"

आमच्या गावात याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याचं एकदा रडून झालं त्याला कुणी दारात घेत नाही. नाव घेऊन हाक मारत नाही. तो माणूस म्हणून परत येऊ शकत नाही.

पोकुआनं वही आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. आजवर हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना तिचे कान तापले, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनंच हसून उडवलं असतं. मामांनी पानं उलटली. त्यांना वाचता येत होतं, पण ते वाचत नव्हते.

"ठीक आहे," ते अखेर म्हणाले. "तू हिशेबी बाई आहेस, मीही हिशेबीच विचारतो. दारको निघाला त्याच्या आदल्या दिवशी मला भेटायला तळ्यात आला होता. त्याची फळी, माझी फळी, आणि मध्ये पाणी. तिथं काय झालं ते त्याला ठाऊक आणि मला. हिला नाही, तुला नाही. विचार म्हणावं त्याला."

चार वाजले होते. आई भिंतीकडे तोंड करून बसल्या. सगळं त्यांनी ऐकलं होतं. बोट पंज्यावर गेलं. मग दारको. मग तळं. मग भावाचा फोटो. मान कलती झाली.

भिंतीवरची पाल हलली नाही. पोकुआ मनातल्या मनात आकडे मोजत होती. पंचवीस झाले. चाळीस झाले. मामांनी घसा साफ केला आणि उठायला लागले.

आईंचं बोट उचललं गेलं. मामांच्या फोटोवर टेकलं. तिथून वरच्या ओळीत, गालावर थेंब काढलेल्या चेहऱ्यावर.

‘रडले.’

"मामा?" पोकुआ म्हणाली.

घराण्याचा प्रमुख, साठी उलटलेला माणूस, भावाच्या प्रेतापुढेही डोळ्यांतून टिपूस न काढलेला, खाली मान घालून उभा होता. बऱ्याच वेळानं त्यानं दोन बोटांनी डोळे पुसले.

"भट्टीचा धूर येतो इथं फार," मामा म्हणाले. दारात जाऊन थांबले. पाठ वळवूनच बोलले, "एक महिना. महिनाभर विधी थांबवतो. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो."

महिन्यातले तीन आठवडे पोकुआनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. वही भरत होती. आता दुसरं चित्र लवकर यायचं, कधी दहा आकड्यांत. एक दिवस आई हसल्या. भिंतीकडे बघत, अर्ध्या तोंडानं, खुदकन. तिकडून काय आलं असेल या विचारानं पोकुआलाही हसू फुटलं, आणि मग ती घाबरली, आणि तरी हसत राहिली.

चौथ्या आठवड्यात ते एकदम थांबलं. सोमवारी चार वाजता आई झोपून गेल्या. हाक मारून जाग्या होईनात. श्वास चालू, नाडी चालू, अंग गार. सहाला उठल्या. मंगळवारी तेच. बुधवारी तेच, गुरुवारीही तेच. उठल्यावर तक्ता पुढे केला तर ‘थकले’ एवढंच. तिकडचं माणूस संपलं म्हणून इकडचं बोलणं संपलं, असा तो हिशेब तिला दिसत होता, आणि तो पुरा करायची तिची छाती होईना.

शुक्रवारी चारला आई अशाच झोपल्या, पण पंधरा मिनिटांतच कूस बदलायला लागल्या. तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला फोन वाजला. नंबर परदेशातला.

"हॅलो, कुणाचं घर?" बाईचा आवाज, भाषा आपली, पण सूर वेगळा. "मी सलामातू. नायजरमधून बोलते. इथं दवाखान्यात धुणं धुते. लहानपणी कुमासीत वाढले, म्हणून डॉक्टरांनी मला फोनवर बसवलंय. तुमचा कुणी माणूस हरवलाय का?"

"माझा नवरा," पोकुआ म्हणाली.

"आहे इथं. वाळूत पडलेला कुणीतरी उचलून आणला. किती महिने नुसता पडून होता, कागद नाही, नाव नाही. डोक्याला मार लागलाय, उजवं अंग गेलंय, वाचा नाही. पण आता खातो, उठून बसतो. काल डाव्या हाताच्या बोटांनी एकेक आकडा दाखवत हा नंबर दिला. रडू नका हो. बरा होतोय तो."

"फोन त्याच्या कानाला लावा," पोकुआ म्हणाली.

"लावते. पण आधी एक सांगा, त्याला हे कुणी शिकवलं? दोन महिने झाले, रोज आमच्या पाचच्या, म्हणजे तुमच्या चारच्या सुमाराला हवेत बोट फिरवायचा, ओळीनं. समोर काही नाही. शेवटी नर्सनं त्याचं बोट बघून चौकोन आखले, चित्रं चिकटवली. जागा चुकली तर चिडतो. आणि वरच्या कोपऱ्यात आधी बोट लावतो. तिथं काय हवंय ते काही आम्हाला कळलं नाही."

"माफी," पोकुआ म्हणाली. "डाव्या हाताची."

"अगं बाई! हो की. मलाच कसं सुचलं नाही. बरं, तो काहीतरी विचारतोय मघापासून, तेही सांगते. त्या आजी नीट घरी पोचल्या का?"

"कोणत्या आजी?"

"चार दिवस येत होत्या ना त्याच्याजवळ. त्याच वेळेला. डाव्या बाजूला बसायच्या, हात धरून. माशांच्या धुराचा वास होता कपड्यांना, म्हणून मी आपल्या बोलीत विचारलं, आई, कुठल्या तुम्ही? बोलल्या नाहीत. डावा हात तेवढा वर केला. आज आल्या नाहीत, तर याचा जीव खालीवर होतोय. वाट लांबची आहे म्हणतो."

मग सलामातूनं फोन त्याच्या कानाला लावला. पोकुआ त्याचं नाव घेत राहिली. पलीकडून श्वास ऐकू येत होता, भरभर, ओला, जिवंत माणसाचा. ती काय काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. एवढं आठवलं की शेवटी ती म्हणाली, "पोचल्या रे. पोचल्या."

फोन ठेवून ती आत गेली.

आई जाग्या होत्या. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, पण चेहरा निवांत.

आनंदाची बातमी पोकुआच्या अगदी ओठांवर होती. ती तिनं तिथंच थांबवली. ती परत बाहेर गेली, घरातलं चांगलं स्टूल आणून पलंगाशी ठेवलं, आईंना उचलून त्यावर बसवलं आणि पाठीशी उशी दिली. मग माठातलं पाणी भरून आणलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. लांबून आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी बसायला देतात, मग पाणी. ते पिऊन होईपर्यंत कुणी काही विचारत नाही.

आईंनी सगळं पाणी संपवलं.

"इथं सगळं ठीक आहे, आई," आलेल्या माणसाला म्हणतात तेच शब्द पोकुआ म्हणाली. "आता वाटेची खबर सांगा."

कोनादू आईंनी तक्ता जवळ ओढला. अगदी खालच्या ओळीत चालणाऱ्या माणसाचं एक चित्र होतं. ते त्यांनी आजवर कधी वापरलं नव्हतं. बोट त्यावर गेलं, आणि बराच वेळ तिथून हललं नाही.